वाडीतली रेंज नकाशावर कशी उतरवावी

कोकणात टॉवर दिसतो म्हणून रेंज मिळेलच असं नाही. सड्यावर काड्या पूर्ण, घाटी उतरून खाडीकाठच्या वाडीत आलात की शून्य.

टॉवरची ठिकाणं आधी दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर बघा. मग अँड्रॉइड फोनमध्ये सेलमॅपर हे सिग्नलच्या नोंदी नकाशावर मांडणारं ॲप घ्या, लोकेशनची परवानगी द्या आणि एकच सिम चालू ठेवा. काड्यांवर विसंबू नका, आरएसआरपी, म्हणजे फोनपर्यंत पोचलेल्या सिग्नलची ताकद, लिहा. ती डीबीएम या एककात उणे आकड्यात येते: उणे ८५ डीबीएम उत्तम, उणे १०५ ला व्हिडिओ अडखळू लागतो, उणे ११५ च्या खाली कॉलचाही भरवसा नाही. फोर-जीचा पूर्ण सेल आयडी, म्हणजे फोन ज्या सेलला जोडलाय त्याचा क्रमांक, २५६ ने भागा. भागाकार टॉवरचा क्रमांक, बाकी सेक्टरची, म्हणजे टॉवरच्या त्या बाजूच्या अँटेनाची. फोन टायमिंग ॲडव्हान्स (टॉवरच्या अंतराचा अंदाज देणारा आकडा) दाखवत असेल तर त्याचा एक टप्पा म्हणजे टॉवरपासून साधारण ७८ मीटर.

खरी फसगत खाडीवर होते. पाण्यावरून सिग्नल अडथळ्याविना येतो, त्यामुळे जेटीवर फोन पलीकडच्या गावाचा टॉवर धरतो. ॲप टॉवरची जागा नोंदींवरून काढतं. एकाच काठाने फिरलात तर ते टॉवर थेट खाडीत उभा करतं! दोन्ही काठांनी फिरा, टॉवर डोळ्यांनी पाहा आणि मगच खूण हलवा.

चिऱ्याच्या भिंती सिग्नल खातात, म्हणून खळ्यातली आणि माजघरातली नोंद वेगळी ठेवा. इंटरनेटचा वेग ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, मायस्पीड ॲपवर सकाळी आणि रात्री मोजा. सिग्नल चांगला पण वेग नाही, तर बहुधा गर्दी. गणपतीत चाकरमानी आले की हे हमखास. पावसाळ्यात वीज होती का तेही लिहा, कारण टॉवरची बॅटरी संपली की सगळंच बंद.