प्रोफायलिंग शिकायचंय? मग आधी फसलेल्या केसेस वाचा

वेबसिरीज बघून प्रोफायलर, म्हणजे गुन्ह्याच्या तपशिलांवरून अनोळखी गुन्हेगार कसा असेल याचा अंदाज बांधणारा, व्हायचं डोक्यात आलं असेल तर आधी एक कागद घ्या, दोन रकाने आखा, डावीकडे अंदाज आणि उजवीकडे पुरावा. पहिली केस न्यूयॉर्कच्या 'मॅड बॉम्बर'ची घ्या. हा माणूस १९४० पासून बॉम्ब ठेवत होता, शेवटी १९५६ मधे पोलीस जेम्स ब्रसेल या सायकियाट्रिस्टकडे गेले. तो म्हणाला, मध्यमवयीन, लग्न न झालेला, वीज कंपनीवर जुना डूख धरलेला, आणि पकडाल तेव्हा डबल ब्रेस्टेड कोट, बटणं लावलेला! जानेवारी १९५७ मधे जॉर्ज मेटेस्की सापडला, कोट खरंच तसाच. सगळे इथेच भारावतात. अहो, पोलीस दारात आले तेव्हा तो पायजम्यात होता, कोट नंतर चढवला. आणि सापडला कसा, तर कंपनीतल्या एका क्लार्क बाईंनी जुन्या नुकसानभरपाईच्या फायली उपसल्या आणि त्यातली त्याची भाषा बॉम्बरच्या पत्रांशी जुळली. कोट डाव्या रकान्यात, फाईल उजव्या.

मग दोन गोष्टी वेगळ्या करायला शिका. काम उरकायला गुन्हेगार जे करतो ती मोडस ऑपरेंडी, ती अनुभवाने बदलते. गरज नसताना करतो ती सिग्नेचर, ती सहसा टिकते.

नकाशाही करून बघा. सगळ्या घटनास्थळांवर टिंबं द्या, सर्वात लांबच्या दोन टिंबांना व्यास धरून वर्तुळ काढा, बऱ्याचदा गुन्हेगाराचं घर आत येतं, ही डेव्हिड कँटर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची पद्धत. पण मेटेस्की राहायचा दुसऱ्या राज्यात, कनेक्टिकटमधे, म्हणजे तिथे वर्तुळ गंडलं असतं.

डिग्री म्हणाल तर आधी सायकॉलॉजी, मग फॉरेन्सिक सायकॉलॉजीचं मास्टर्स, गांधीनगरच्या नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीत होतं. स्टॅटिस्टिक्स टाळू नका, सगळे टाळतात.

दुसरा कागद लंडनच्या विंबल्डन कॉमन या मोकळ्या मैदानावरच्या १९९२ च्या खुनाचा. प्रोफाइलमधे बसतो म्हणून पोलीस एकाच माणसाच्या मागे लागले, अंडरकव्हर महिला पोलीस त्याच्याशी जवळीक करायला पाठवली, तरी त्याने कबुली दिली नाही आणि १९९४ मधे जजने तो सगळा पुरावा ग्राह्य धरायला नकार दिला. खरा खुनी रॉबर्ट नॅपर, त्याला शिक्षा २००८ मधे, आणि मधल्या काळात, १९९३ मधे, त्याने एका आईला आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला मारलं होतं. हा कागद भरताना उजव्या रकान्यात काय लिहिता येतंय ते बघा.