दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना भूगोल आणि विज्ञान कसे शिकवावे : ग्रामीण विदर्भातील शिक्षकांसाठी

गावातल्या शाळेत एखादा अंध विद्यार्थी दाखल झाला, की भाषा आणि इतिहास हे विषय ऐकून-सांगून बऱ्यापैकी पुढे सरकतात; गाडी अडते ती भूगोलाच्या नकाशापाशी आणि विज्ञानाच्या प्रयोगापाशी. दहावीच्या परीक्षेत नकाशाच्या जागी अंध विद्यार्थ्यांसाठी वेगळा प्रश्न असतो, लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, आणि मग हा भाग शिकवला नाही तरी गुणांचे काही बिघडत नाही, अशी समजूत शाळेत हळूहळू रुजते. ही समजूत मुळातच चुकीची आहे. सवलत परीक्षेपुरती दिलेली आहे, शिकवण्यातून सूट म्हणून नव्हे. ज्या मुलाला आपल्या गावाचा नाला पुढे कोणत्या नदीला मिळतो हे बोटाने कधी कळले नाही, त्याचा भूगोल राहूनच गेला, मग गुणपत्रिकेवर काहीही लिहिलेले असो. हे शिकवण्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य आपल्या शाळेत, स्वयंपाकघरात आणि वावरात आधीपासूनच आहे. ते कसे वापरावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

आधी मुलाची ओळख

पहिल्या आठवड्यात धडा बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : दृष्टी जन्मापासून नाही की नंतर गेली, थोडेफार दिसते का, आणि ब्रेल वाचता येते का. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत दिसत असलेल्या मुलाला डोंगर, क्षितिज, रंग यांची आठवण असू शकते व ती शिकवताना उपयोगी पडते. जन्मांध मुलासाठी हीच कल्पना हाताने, पायाने आणि कानाने नव्याने उभी करावी लागते.

अंशतः दिसणाऱ्या मुलांच्या बाबतीत सरसकट नियम लावू नये. एखाद्याला भरपूर उजेड लागतो, तर एखाद्याचे डोळे त्याच उजेडाने दिपतात, आणि आपल्याकडच्या उन्हात अशा मुलाला टोपीशिवाय मैदानावर उभे करणे म्हणजे त्याची उरलेली दृष्टीही निरुपयोगी करणे होय. त्याला खिडकीकडे पाठ करून बसवावे, चकचकीत कागद टाळावा, पांढऱ्या कागदावर जाड काळ्या मार्करने मोठी अक्षरे व मोजक्या रेषा काढून द्याव्यात. दिसते तेवढे त्याने जरूर वापरावे. वापरल्याने नजर कमी होते ही भीती पालकांच्या मनातून काढून टाकावी.

बोलण्याची एक सवय मात्र शिक्षकाने स्वतःला लावून घ्यावी. "हे इकडे जाते, ते तिकडे मिळते" या वाक्याचा अंध विद्यार्थ्याला काडीचाही उपयोग नसतो. "वर्धा नदी उत्तरेकडून येते आणि आग्नेयेकडे जाते" असे म्हणावे, आणि फळ्यावर जे लिहितो ते लिहिता-लिहिता मोठ्याने वाचावे. वस्तू दाखवताना मुलाचा हात धरून ओढू नये. आपला हात वस्तूवर ठेवावा आणि त्याला आपल्या हातावर हात ठेवू द्यावा. म्हणजे पुढे किती सरकायचे, कुठे थांबायचे, हे तो स्वतः ठरवतो.

नकाशाआधी खोली

नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा. ही कल्पना डोळस मुलाला झाडावर किंवा गच्चीवर चढून मिळालेली असते. जन्मांध मुलाला ती आपोआप येत नाही, म्हणून देशाचा नकाशा पहिल्याच दिवशी हातात देऊ नये. आधी वर्गखोली चालून मोजावी : दारापासून फळ्यापर्यंत किती पावले, खिडक्यांची भिंत कोणती, सकाळचे ऊन कोणत्या बाजूने अंगावर येते. मग एका खोक्याचे झाकण घेऊन त्यात आगपेट्यांचे बाक, पुठ्ठ्याच्या चार भिंती आणि कापलेले दार असा वर्ग उभा करावा. विद्यार्थी त्यात स्वतःचा बाक शोधतो. दुसऱ्या दिवशी भिंती कापून अगदी बुटक्या कराव्यात, तिसऱ्या दिवशी त्या काढून त्यांच्या जागी सुतळी चिकटवावी आणि आगपेट्यांच्या जागी पुठ्ठ्याचे चौकोन लावावेत. खोली सपाट झाली, पण बाक जागचा हलला नाही, हे त्याच्या बोटांना पटले की नकाशा समजण्याचे सर्वांत अवघड काम झाले असे समजावे. या पायरीला आठवडा लागला तरी चालेल. त्यानंतर शाळेचे आवार, मग दवंडीच्या चौकापासून नाल्याच्या पुलापर्यंतचे गाव, मग तालुका, अशा क्रमाने पुढे जावे.

स्पर्शाचा नकाशा तयार करताना

एका नकाशात एकच विषय घ्यावा. नद्या, जिल्हे, पिके आणि रेल्वे एकाच पुठ्ठ्यावर चिकटवली, की बोटाखाली नुसता गोंधळ होतो. पाच-सहापेक्षा जास्त खुणा नकोत, दोन रेषांमध्ये निदान अर्ध्या सेंटिमीटरची जागा मोकळी हवी, आणि नकाशा दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढाच असावा. उत्तर दिशेसाठी प्रत्येक नकाशाचा उजवा वरचा कोपरा तिरका कापून टाकावा. मग पुठ्ठा उलटा धरला गेला तरी मुलाला विचारावे लागत नाही. ज्वारी-तांदळाचे दाणे मात्र चिकटवू नयेत, कारण सुटीत उंदीर आणि किडे नकाशा संपवतात. मणी, वाळू, कापडाचे तुकडे, लोकर आणि सुतळी टिकते.

विदर्भातील नद्यांच्या नकाशाचे उदाहरण घेऊ. दाखवायची मुख्य गोष्ट अशी, की उत्तरेला सातपुडा उंच असल्याने वर्धा आणि वैनगंगा दक्षिणेकडे वाहतात, तर पूर्णा पश्चिमेला वळून तापीला मिळते. छापील नकाशात निळी रेषा कुठून सुरू झाली हे दिसते. स्पर्शाच्या नकाशात एकाच जाडीची सुतळी लावली तर प्रवाह कोणत्या दिशेचा हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून उगमाशी एकच पदर ठेवावा आणि प्रत्येक उपनदी मिळते तिथे तिचा पदर मुख्य दोऱ्यात पिळून घ्यावा. पेंच कन्हानला मिळाली, पदर वाढला. कन्हान वैनगंगेला मिळाली, आणखी वाढला. तिकडे पैनगंगा वर्धेत आली. शेवटी वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, तेव्हा बोटाखाली चांगला जाड दोर लागतो आणि तो सिरोंच्याजवळ गोदावरीला जाऊन भिडतो. विद्यार्थ्याने बारीक टोकापासून जाड टोकाकडे बोट फिरवले, की तो पाण्याच्या दिशेनेच चाललेला असतो.

एकाच आकृतीच्या अनेक प्रती हव्या असतील, तर शिंपी कापडावर खुणा उमटवण्यासाठी वापरतात ते दात्यांचे छोटे चाक आणावे. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून सपाट पसरावी, तिच्यावर जाड कागद ठेवावा आणि चाक दाबून फिरवावे. कागदाच्या मागल्या बाजूला उठावदार टिंबांची रेषा मिळते. रेषा मागे उमटत असल्याने आकृती आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते, हे विसरू नये.

उंचीच्या नकाशाबाबत एक प्रामाणिकपणा पाळावा लागतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटर उंच आहे आणि विदर्भाची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे 500 किलोमीटर आहे. नकाशा 60 सेंटिमीटर रुंद केला, तर त्याच प्रमाणात चिखलदऱ्याची उंची दीड मिलिमीटरही भरत नाही. आपण तिथे दोन बोटे उंच मातीचा डोंगर करतो, तो समजण्यासाठी फुगवलेला असतो. हे मुलाला सांगावे, नाहीतर मेळघाटात भिंतीसारखे सरळ डोंगर उभे असावेत असा त्याचा समज कायमचा होतो.

परातीतला डोंगर

समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, हा भाग डोळस मुलांनाही जड जातो आणि या पद्धतीने साऱ्या वर्गालाच तो नीट समजतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या तेलकट क्लेचा वीतभर डोंगर खोल परातीत करावा. त्याची एक बाजू कड्यासारखी तुटलेली आणि दुसरी ऐसपैस उताराची ठेवावी. परातीत दोन सेंटिमीटर पाणी ओतावे. विद्यार्थ्याने तर्जनी आडवी धरून पाणी आणि डोंगर जिथे भेटतात त्या कडेने फेरी मारावी आणि बोट जाईल तिथे जाड दोरा क्लेमध्ये दाबत जावे. दोऱ्याची दोन टोके भेटली, की पुन्हा दोन सेंटिमीटर पाणी ओतावे आणि दुसरा दोरा लावावा. चार-पाच दोरे झाल्यावर पाणी काढून टाकावे आणि विद्यार्थ्याला डोंगरावरून दोन्ही हात फिरवू द्यावेत. कड्याच्या बाजूला दोरे एकमेकांना खेटलेले लागतात, उताराच्या बाजूला ते दूर-दूर असतात. शेवटी हीच वेटोळी एकात एक ठेवून कागदावर चिकटवावीत. रेषा जवळ म्हणजे चढ तीव्र, हे वाक्य शिक्षकाने उच्चारण्याची गरज पडत नाही. तो विद्यार्थीच ते बोलून जातो.

भिंतीची सावली

ऋतू आणि सूर्याचे भासमान भ्रमण शिकवण्यासाठी पूर्व-पश्चिम जाणारी शाळेच्या आवाराची बुटकी भिंत पुरते. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सव्वाबाराच्या सुमारास विद्यार्थ्याने भिंतीच्या उत्तर बाजूला बसावे, पालथा हात जमिनीलगत धरावा आणि भिंतीपासून सरळ उत्तरेकडे सरकावे. हाताच्या पाठीला ऊन लागले की तिथे दगड ठेवावा. भिंत ते दगड हे अंतर दोरीने मोजून तीच दोरी भिंतीला उभी लावली, की ती जवळजवळ भिंतीच्या उंचीइतकी भरते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजावे : चार फुटांच्या भिंतीची सावली आता दीड फुटाच्या आसपास आलेली असते. दोन्ही दोऱ्या शाळेत जपून ठेवाव्यात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरच्या अक्षवृत्तावर मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली जवळपास नाहीशी होते. तेव्हा सुटी असते आणि ऊनही जीवघेणे असते, म्हणून हे फक्त सांगावे, मोजायला लावू नये.

बाराऐवजी सव्वाबारा का, हा प्रश्न मुले विचारतातच. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटे पूर्व रेखावृत्तावर ठरते, नागपूर त्याच्या पश्चिमेला 79 अंशांच्या आसपास आहे, आणि प्रत्येक अंशाला सूर्य 4 मिनिटे घेतो. रेखावृत्त शिकवण्याची याहून चांगली संधी सहसा मिळत नाही.

माती शिकवतानाही हातच वापरावा : पश्चिम विदर्भातील काळी कापसाची माती, गावाजवळचा मुरूम आणि नाल्याची वाळू तीन वाट्यांत कोरडी द्यावी, मग ओली करून द्यावी. एप्रिलमध्ये वावरातल्या भेगांची खोली मोजायची असेल, तर आधी शिक्षकाने काठी घालून विंचू-साप नाही याची खात्री करावी.

विज्ञानाचे प्रयोग

वनस्पतिशास्त्र आपल्याकडे जवळजवळ फुकट शिकवता येते. वेचणी संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी आणि ज्वारीचे धसकट शेजारी-शेजारी ठेवले, की सोटमूळ आणि तंतुमुळे यांतला फरक वेगळा सांगावा लागत नाही. भिजवलेल्या तुरीची सोलून दोन दले होतात, ज्वारीच्या दाण्याची होत नाहीत. कापसाच्या पानावर शिरांची जाळी लागते, ज्वारीच्या पानावर त्या लांबीच्या दिशेने समांतर धावतात. मूळ, दाणा आणि पान या तिन्ही गोष्टी एकाच तासाला हाताळायला दिल्या, तर एकदल-द्विदल हा भेद कायमचा लक्षात राहतो.

विजेच्या परिपथात दिव्याच्या जागी बझर लावावा. परिपथ पूर्ण झाला की तो वाजतो, तार सुटली की थांबतो, आणि मध्ये रोध घातला की आवाज क्षीण होतो. बझरला धन-ऋण टोके असतात, म्हणून धन तारेला गाठ मारून ठेवावी. हा बदल सगळ्या वर्गासाठीच करावा. एका मुलासाठी वेगळा, बाजूचा प्रयोग मांडू नये.

आम्ल आणि आम्लारी ओळखण्यासाठी लिटमसचा रंगच हवा असे नाही. कांदा आणि व्हॅनिला इसेन्स हे गंधाचे दर्शक आहेत. बारीक चिरलेला कांदा आणि स्वच्छ कापडाच्या पट्ट्या रात्रभर बंद पिशवीत ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी शिक्षकाने स्वतः एका पट्टीवर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे आणि दुसरीवर विरल सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब टाकावेत, दोन्ही पट्ट्या पाण्याने धुवाव्यात आणि मगच विद्यार्थ्याला वास घेऊ द्यावा. आम्लाच्या पट्टीवर कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीवर तो जातो. बाटलीला थेट नाक लावू नये, हाताने हवा आपल्याकडे ओढून वास घ्यावा, हा नियम सर्वांनाच सांगावा. ज्योत आणि संहत आम्ल शिक्षकाने हाताळावे; बाकी कृती विद्यार्थ्याकडूनच करून घ्यावी. साहित्य काठ असलेल्या ताटात मांडावे आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरवून ती तासभर बदलू नये.

मोजमापासाठी सुईविना सिरिंज घेऊन तिच्या दट्ट्यावर दर 5 मिलिलिटरला गरम खिळ्याने खाच पाडावी. वजनासाठी दोन पारड्यांचा तराजू काट्यापेक्षा बरा, कारण पारडी समतोल झाली की नाही हे बोट लावून कळते.

प्रकाश आणि रंग हे धडे गाळू नयेत. परावर्तनाचा नियम पुठ्ठ्यावर टाचण्या खोवून आणि दोरे ताणून दाखवता येतो : भिंतीचा दोरा, तिला लंब दोरा, येणारा किरण आणि जाणारा किरण. दोन कोन सारखे आहेत हे पुठ्ठ्याचा एकच त्रिकोणी तुकडा दोन्ही बाजूंना बसवून पाहता येते.

वाचन, वेळ आणि तपासणी

गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना महिन्याचे धडे आधी कळवले, तर ब्रेल लेबले आणि आकृत्या वेळेवर मिळण्याची शक्यता वाढते. संगणक असेल तर एनव्हीडीए हा पडदा-वाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली, मोफत आहे, अँड्रॉइड फोनमध्ये तसाच टॉकबॅक असतोच, आणि सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातून वाचता येण्याजोगी पुस्तके उतरवून घेता येतात. वीज आणि नेटवर्क असताना ती आधीच फोनमध्ये भरून ठेवावीत.

जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 17 मध्येच आहे, त्यामुळे घटक चाचणीतही ते देताना मुख्याध्यापकांनी अडखळू नये. लेखनिकासोबत सराव वर्षभर करून घ्यावा, ऐन परीक्षेत नव्हे.

धडा समजला की नाही हे पाहायला तोंडी प्रश्न पुरत नाहीत, कारण ही मुले ऐकलेले उत्तम लक्षात ठेवतात आणि पाठ उत्तराने शिक्षकाची सहज फसगत होते. नकाशाचे सुटे भाग, म्हणजे दोरे, मणी आणि कोपरा कापलेला कोरा पुठ्ठा, त्याच्या हाती द्यावेत आणि नकाशा त्यालाच मांडू द्यावा. बोट कुठे चुकले, कोणत्या दोन खुणा सारख्या वाटल्या, हे तिथल्या तिथे टिपून ठेवावे आणि पुढच्या तासापूर्वी त्या दोन खुणांपैकी एक बदलावी.