केबल उपटली तेव्हा फाइल उघडीच होती

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, नव्याने येणारी मुलं ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) शिकतात तेव्हा त्यांचा सगळा जीव प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये असतो. उपकरण सापडलं, मेमरी मिळाली, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) नोंदवला, आकडे दिसू लागले की आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. उपकरण जाताना चालणारं रिमूव्ह मात्र शेवटी घाईघाईत, प्रोब उलटा करून लिहिला जातो. म्हणून कोणाचा ड्रायव्हर तपासायला आला की मी आधी रिमूव्ह वाचतो. लिहिणाऱ्याला खालची यंत्रणा कितपत उमगली आहे, ते तिथे लगेच कळतं.

यूएसबीवर चालणारा तापमापक घ्या. एक प्रोग्राम त्याची फाइल उघडून रीडमध्ये झोपला आहे आणि कोणीतरी केबल उपटली. कर्नल तुमचं डिस्कनेक्ट फंक्शन (यूएसबीतलं रिमूव्ह) बोलावतो, पण ते परवानगी मागायला नाही. उपकरण गेलेलं असतं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या (बोर्डावरच बसवलेल्या उपकरणांच्या ड्रायव्हरच्या) रिमूव्हला पूर्वी एरर परत करता यायची. तरी उपकरण सुटायचंच, आणि एरर देऊन मध्येच बाहेर पडलेल्या ड्रायव्हरने धरून ठेवलेल्या गोष्टी तशाच लटकत राहायच्या. आता ते फंक्शन व्हॉइड, म्हणजे काहीच परत न करणारं, केलं आहे, हे फार बरं झालं.

इथे दोन आयुष्यं वेगळी धरायची. एक उपकरणाचं, जे केबलबरोबर संपलं. दुसरं उघड्या फाइलचं, जे प्रोग्राम क्लोज करेपर्यंत चालू राहतं, कदाचित तासभर. उपकरणाची माहिती ठेवणारं तुमचं स्ट्रक्चर या दोघांच्या मध्ये असतं. डिस्कनेक्टमध्ये ते केफ्री केलंत, म्हणजे त्याची मेमरी सोडलीत, तर पुढचा रीड मोकळ्या केलेल्या मेमरीत हात घालतो. उपाय संदर्भमोजणीचा: केरेफ (कर्नलमधला संदर्भ मोजणारा आकडा) ठेवा, प्रोबने एक संदर्भ धरावा, प्रत्येक ओपनने एक, आणि शेवटचा सुटेल तेव्हाच मेमरी सोडावी. 'फाइल उघडी असली की मॉड्यूल निघत नाही, मग भीती कसली?' असं बरेच जण विचारतात. मॉड्यूलची मोजणी तुमचा कोड मेमरीत टिकवते. उपकरणाला थांबवून धरत नाही.

2007 मध्ये कर्नलमध्ये आलेल्या, घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या डेव्हएम फंक्शनांनी एररच्या वाटेवरचा खूप त्रास वाचवला. मी ती आवर्जून वापरतो. पण ती उपकरणाच्या आयुष्याला बांधलेली आहेत: रिमूव्ह परतला की घेतलेलं सगळं उलट क्रमाने सोडलं जातं, फाइल उघडी आहे का हे कोणी विचारत नाही. म्हणून फाइल ऑपरेशन ज्या स्ट्रक्चरपर्यंत पोहोचतात ते डेव्हएम_केझॅलॉकने घेऊ नका. इंटरप्टचंही तसंच. डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तुम्ही रिमूव्हमध्ये वर्क (नंतर करायला रांगेत लावलेलं काम) रद्द केलंत आणि त्यानंतर इंटरप्टचा हँडलर चालून त्याने तेच वर्क पुन्हा रांगेत लावलं, तर रद्द करण्याला अर्थ उरला नाही.

दुकान बंद करताना आधी शटर अर्ध्यावर ओढतात, आतली गिऱ्हाइकं बाहेर पडू देतात आणि मग दिवे घालवतात. क्रम तोच. आधी नोंदणी काढा, म्हणजे नवा ओपन येणार नाही. मग म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) धरून 'गेलं' असा झेंडा लावा. रीड-राइटने तोच म्यूटेक्स धरून तो झेंडा पाहावा आणि ईनोडेव्ह ('उपकरण नाही' ही एरर) परत करावं. झोपलेल्यांना उठवायला विसरू नका, आणि ते ज्या अटीवर झोपले आहेत त्या अटीतही हा झेंडा हवा. नाहीतर ते जागे होऊन परत झोपतात. त्यानंतर यूआरबी (यूएसबीवर पाठवलेल्या विनंत्या) किंवा इंटरप्ट, टायमर, वर्क थांबवा. सगळ्यात शेवटी आपला संदर्भ सोडा.

टायमर आणि वर्क एकमेकांना चालू करत असतील तर कोणाला आधी थांबवायचं हा खराच पेच असतो. 6.2 पासूनचं टायमर_शटडाउन_सिंक तिथे कामी येतं: त्यानंतर टायमर पुन्हा लावायचा प्रयत्न झाला तरी तो लागत नाही. कॅन्सल_वर्क_सिंक बोलावताना मात्र वर्कला लागणारं लॉक स्वतः धरून बसू नका, दोघंही कायमचे अडकतील. पीसीआय कार्ड अचानक निघालं तर रजिस्टरमधून सहसा सगळे बिट 1 वाचले जातात. 'बिझी बिट शून्य होईपर्यंत थांब' असा लूप तिथे कधीच संपत नाही. त्याला वेळेची मर्यादा घाला.

पहिला नमुना म्हणून कर्नलमधलं यूएसबी-स्केलेटन हा नमुना ड्रायव्हर वाचा. केरेफ, म्यूटेक्स, झेंडा, तिन्ही तिथे थोडक्यात आहेत. सरावाला खरं हार्डवेअर लागत नाही: क्यूईएमयू या आभासी मशीनमध्ये उपकरण जोडा, प्रोग्रामने फाइल उघडी धरा, त्याच्या मॉनिटरवरून (आज्ञा देण्याच्या खिडकीतून) डिव्हाइस_डेल द्या आणि त्यानंतर रीड, क्लोज करून पाहा. सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फाइल प्रणालीतल्या) अनबाइंड फाइलमध्ये उपकरणाचं नाव लिहूनही रिमूव्ह चालवता येतं. कर्नल बांधताना केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) चालू ठेवा. शिवाय कॉन्फिग_डीबग_केऑब्जेक्ट_रिलीज लावा. तो पर्याय केऑब्जेक्टचं (कर्नलमधल्या संदर्भ मोजलेल्या वस्तूचं) रिलीज मुद्दाम उशिराने करतो, त्यामुळे 'पुट केलं (संदर्भ सोडला) म्हणजे लगेच संपलं' असं गृहीत धरणारा कोड तुमच्याच मशीनवर कोसळतो, ग्राहकाच्या नाही.