व्यसनाचा आकडा पोस्टरवर लिहिण्याआधी

२६ जून, म्हणजे अमली पदार्थविरोधी दिन, जवळ आला की शाळा-कॉलेजांतून फोन सुरू होतात : "ताई, पोस्टरसाठी एखादा दणदणीत आकडा द्या ना." व्यसनमुक्तीचं काम करणारीकडे आकडे असणारच. पण देण्याआधी मी उलट चौकशी करते. ती तुम्हीही करा.

आधी बघा, आकडा घेणाऱ्यांचा आहे की आजारी पडलेल्यांचा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात १० ते ७५ वयातले १४.६ टक्के लोक दारू घेणारे निघाले. गेल्या बारा महिन्यांत एकदा घेतली तरी माणूस यात येतो. दारूवाचून ज्यांचं चालतच नाही असे २.७ टक्के, म्हणजे २.९ कोटी. दारूने नुकसान होतंय पण अजून त्या थराला न गेलेले धरले, की ५.२ टक्के. तिन्ही आकडे खरे. फक्त १४.६ पुढे 'व्यसनी' लिहिलंत, तर लग्नात एक पेग मारणारे मामाही पेशंट ठरतात.

मग सरासरी फोडा. याच १४.६ च्या आत पुरुषांमधलं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांमधलं १.६ टक्के आहे. वयोगटही बघा, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण दारूचे आकडे १५ वर्षांपुढच्यांचे देतं. त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत दारू पिणारे पुरुष महाराष्ट्रात १३.९ टक्के, गोव्यात ३६.९ टक्के. हे आकडे एम्सच्या रांगेत बसवू नका. वय वेगळं, प्रश्नही वेगळे.

बायकांचा आकडा लहान दिसला की सभागृहात माना डोलतात. तिथे मी मिश्रीचा विषय काढते. बचत गटाच्या बैठकीत "तंबाखू खाता का?" विचारलं, की सगळ्या "नाय बा" म्हणतात. "मिश्री लावता का?" म्हटलं, की एखादी आजी कमरेची डबी काढून दाखवते. "ती काय तंबाखू व्हय? दात घासायला लागतीच की. नाय लावली तर डोकं चढतं." भाजलेली तंबाखूच ती, आणि डोकं चढतं म्हणजे शरीर मागतंय. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. त्यामुळे प्रश्नात कोणते पदार्थ नावानिशी विचारले होते, हे शोधून काढाच.

घरोघर फिरणाऱ्या पाहणीत फुटपाथवरचा मुलगा सापडत नाही, आणि घरी सापडलेला पोरगा आईसमोर गांजाचं नाव काढत नाही. म्हणून एम्सने बेकायदा नशांसाठी दुसरी पद्धतही जोडली : नशा करणाऱ्यांकडूनच त्यांच्या ओळखीचे पुढचे गाठायचे.

पोस्टर शाळेचं असेल तर दारूपेक्षा हुंगायच्या नशेकडे बघा, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन वगैरे. मुलांमधलं प्रमाण मोठ्यांहून जास्त निघालं ते याच एका प्रकारात.

एवढं करूनही एकच आकडा हवा असेल, तर माझी निवड ठरलेली आहे. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. तो लिहा, आणि खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर ठसठशीत काढा. कवटीच्या चित्राला जागा उरली नाही तरी चालेल.