मृगाआधी जुना ट्रॅक्टर चालू करायचाय? मग चावी आधी खिशात ठेवा

मे अर्धा सरला की आमच्याकडं दोन-तीन जण तरी विचारतातच, की शेडमध्ये जुना ट्रॅक्टर चार-पाच वर्षं उभा आहे, भाड्याचे दर यंदा परवडत नाहीत, तो चालू होईल का. होतो की. जुनी डिझेल इंजिनं लई चिवट असतात, साधा डिझेल पंप, सिलेंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे साधे नोझल, कॉम्प्युटर-बिम्प्युटर काही नाही. फक्त बॅटरी टाकून सेल्फ मारणे हे सगळ्यात शेवटचं काम, आणि आपण नेमकं तेच पहिलं करतो.

आमच्या चुलत्यांनी हेच केलं. सहा वर्षं उभा असलेला ट्रॅक्टर, सेल्फवर फिरेना म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरला टोचन लावून ओढला आणि टॉप गिअरमध्ये क्लच सोडला, आतमध्ये एक व्हॉल्व गंजून गाइडमध्येच धरलेला, त्याला ढकलणारी दांडी म्हणजे पुशरॉड वाकला, हेड उतरवावं लागलं, आणि पेरणी शेवटी भाड्याच्याच ट्रॅक्टरनं झाली. म्हणून सांगतो, टोचन नको.

रोहिणी 25 मेच्या आसपास लागतात, मृग 7-8 जूनला. मृग लागल्यावर मिस्त्री फोन उचलत नाही हे तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा हाताशी आठ-दहा दिवस धरून आत्ताच सुरू करा.

बॉनेट उघडायच्या आधी काठीनं चांगलं ठोका. उन्हाळ्यात गारव्याला साप येऊन बसतो, आणि उंदरांचं घर तर नक्कीच असणार. एअर क्लीनरच्या पाइपात चिंध्या, धान्याची टरफलं, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीची माती, हे सगळं काढा. एकही चिंधी इंजिनात ओढली जाता कामा नये. एअर क्लीनर ऑइल बाथचा, म्हणजे खाली तेलाची वाटी असलेला असेल तर ती वाटी सोडवा, आतला काळा गाळ डिझेलनं धुवा आणि खुणेपर्यंतच नवीन ऑइल भरा, जास्त नाही. वायरिंग कुठं कुरतडलीय तेही आत्ताच बघून घ्या, बॅटरी जोडल्यावर धूर निघायची वाट बघू नका.

आता इंजिन ऑइल. ड्रेन बोल्ट एकदम काढू नका, हळूहळू ढिला करा, पाणी असेल तर ते तळाला असतं, आधी तेच येतं. थोडंसं पाणी आलं तर ते बहुतेक ओलाव्याचं, पण ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल किंवा तांब्याभर पाणी निघालं तर हेड गॅस्केट किंवा लायनरच्या सीलमधून रेडिएटरचं पाणी खाली उतरतंय असं समजा आणि तिथंच थांबून मिस्त्रीला बोलवा. सगळं ठीक असेल तर नवीन ऑइल, नवीन फिल्टर. जुनंच ऑइल चालतंय का म्हणून विचारू नका.

मग खरं काम, इंजिन हातानं फिरतं का ते बघणं. सगळे नोझल काढा (भोकं लगेच स्वच्छ कापडानं झाका, एक नट आत पडला की झालं कल्याण), हेडवरचं झाकण काढून रॉकर, म्हणजे व्हॉल्व दाबणारे हात, उघडे करा. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हळू फिरवा. फिरताना रॉकरकडं लक्ष ठेवा, सगळे व्हॉल्व खाली जाऊन वर येतात का, एखादा खालीच राहिला तर त्याला ऑइल पाजून प्लास्टिकच्या हातोडीनं हलकं टिचकवा. इंजिन जाम असेल तर डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं ऑइल निम्मं निम्मं करून सिलेंडरमध्ये ओता आणि तीन-चार दिवस विसरून जा, रोज एकदा पाना मागं-पुढं हलवा. पाइप लावून दोघं-तिघं लोंबकळू नका. आठ दिवसांत हललंच नाही तर ते हेड उतरवायचंच काम आहे.

नोझल तसेच परत लावू नका, डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं टेस्टिंगला द्या. आणि चालू नोझलच्या फवाऱ्यापुढं बोट धरून बघायची जी सवय असते ती जीवघेणी आहे, त्या प्रेशरला डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून नुसता ठिपका दिसतो आणि हात कापायची वेळ येते.

टाकीतलं डिझेल सगळं काढा. तळाला पाणी आणि शेवाळासारखी बुळबुळ असते, तीच फिल्टर चोक करते. टाकी धुवून ताजं डिझेल, दोन्ही फिल्टर नवीन. रेडिएटरचं पाणी बदला, फॅन बेल्ट चिरलाय का बघा.

आता डिझेल पंप. स्टॉपर, म्हणजे इंजिन बंद करायची दांडी, ओढला की पंपावरचा लिव्हर पूर्ण हलतो का ते डोळ्यांनी बघा. वर्षानुवर्षं उभ्या पंपात रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी, अडकतो, आणि तो उघडा अडकला तर चालू झाल्या झाल्या इंजिन आपोआप रेस धरतं, वेग वाढतच जातो, चावी बंद करून थांबत नाही, स्टॉपरही कामाचा नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाइप सोडून ठेवा आणि एक जण इनटेकचं तोंड झाकायला सपाट फळी घेऊन उभा करा. हात किंवा कापड लावायचं नाही, ते आत ओढलं जातं.

मग चार्ज केलेली बॅटरी (12.6 व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी), गिअर न्यूट्रल, ट्रॅक्टरपुढं कुणी उभं नाही. हे महत्त्वाचं, कारण क्लच प्लेट गंजून चिकटलेली असते, पॅडल दाबलं तरी सुटत नाही. नोझल बाहेर असतानाच स्टॉपर ओढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर दम द्या, आत ओतलेलं ऑइल भोकांतून उडेल म्हणून बाजूला व्हा. ऑइल प्रेशरचा काटा हलला की नोझल नवीन तांब्याच्या वायसरवर बसवा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या हातपंपानं आधी फिल्टरची आणि मग पंपाची एअर काढा, बुडबुडे संपेपर्यंत. आणि आता स्टार्ट. स्टार्टिंगचा स्प्रे नको, पेटतं फडकं तर नकोच.

पहिली दहा मिनिटं नुसतं स्लोवर, तेही शेडच्या बाहेर उघड्यावर. पांढरा-निळा धूर होईल, हळूहळू कमी होतो. ऑइल प्रेशर काही सेकंदांत आलं नाही तर लगेच बंद. ब्रेक धरलेत का, हायड्रॉलिकच्या ऑइलात पाणी आहे का हे त्यानंतर. लगेच रोटर (रोटाव्हेटर) जोडू नका, पहिले दोन-तीन तास फणपाळी नाहीतर रिकामी ट्रॉली, आणि दहा-पंधरा तास झाले की ऑइल परत एकदा बदला. पैसे जातात, पण गंज आणि गाळ त्यातच येतो.

आणि हो, रस्त्यावर काढायच्या आधी आरसी बघा. नोंदणी 15 वर्षांची असते, उभ्या उभ्या ती संपलेली असू शकते, इन्शुरन्स तर संपलेलाच असणार.