हॅलोवीनला घोड्यालाही सोबत घ्यायचंय? मग आत्तापासूनच तयारीला लागा

हॅलोवीन म्हणजे भुताखेतांचे वेश करून मजा करायचा पाश्चात्त्य सण, आणि त्याची तारीख 31 ऑक्टोबर दोन दिवसांवर आली की अनेकांना एकदम आठवतं की अरे आपल्या घोड्यालाही काहीतरी घालूया, आणि मग आदल्या रात्री घरातली जुनी चादर, दोऱ्या, सेफ्टी पिना घेऊन लोक तबेल्यात पोचतात. प्लीज असं करू नका. घोडं हे पळून जीव वाचवणारं जनावर आहे, अंगावर अचानक काही फडफडलं की ते आधी पळतं आणि मग बघतं. म्हणून निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा, आणि खरं सांगते, मला तर त्या एका संध्याकाळपेक्षा हे तीन आठवडेच जास्त आवडतात.

कॉस्च्युम आधी जमिनीवर ठेवा आणि त्याला हुंगू द्या. मग घडी करूनच खांद्यावर हलकं चोळा, तो शांत उभा राहिला की लगेच काढून घ्या, हे लगेच काढणं फार महत्त्वाचं आहे कारण शांत राहिलं की ती वस्तू दूर जाते हे त्याला त्यातूनच कळतं. मग मान, पाठ, पुठ्ठा, आणि सगळं दोन्ही बाजूंनी करा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी समोर आणि बरोबर मागे दिसत नाही, त्यामुळे डाव्या बाजूने सवयीची झालेली केप उजवीकडून दिसली की पुन्हा नवीन वाटू शकते. जमिनीवरून हातात धरून चालवून झालं, दुडकी चालवून झालं, तरच वर बसा.

माझ्या घोडीसाठी मी काळ्या प्लास्टिकची केप केली होती. दिसण्याचं तिला काहीच नव्हतं, पण त्या सरसर आवाजाने ती जाम बुजली, मान वर, नाकपुड्या फुललेल्या, शेपटी गच्च दाबलेली. मग मी ती केप रोज तिच्या दाण्याच्या वेळी लांब खांबाला टांगायला लागले आणि रोज थोडी जवळ आणत गेले, चौथ्या दिवशी तिनेच मान लांब करून ओठांनी तिची कड ओढून पाहिली. तेव्हा कळलं की आता जमलं. अशी खूण तुमच्या घोड्याने दिलीच नाही तर त्या वर्षी केप नको, बास.

कपडे वेल्क्रोने लावा, म्हणजे कुठे अडकले तर सुटून येतील. पायात येईल असं काही लोंबतं नको, डोळे कान झाकणारं नको. आणि वर बसणाऱ्याने हेल्मेट घालायचंच, पोशाख त्याच्यावरून करा. तुम्ही मास्क लावणार असाल तर तो घोड्यासमोर लावा, बोलत बोलत, म्हणजे आतला माणूस आपलाच आहे हे त्याला कळतं.

पण माझं मत विचाराल तर कपड्यांपेक्षा रंग बेस्ट! गडद रंगाच्या घोड्यावर पांढरा हाडांचा सापळा रंगवा, संध्याकाळच्या उजेडात असला भारी दिसतो. रंग पाण्याने निघणारा, बिनविषारी घ्या, आदल्या दिवशी छोट्या भागावर लावून 24 तास बघा की पुरळ वगैरे येत नाही ना. आधी खरारा नीट करा, धूळ असली की रंग धरत नाही. मग बोटांनी हाडं चाचपत खडूने रेघा मारून घ्या. इथे बहुतेक जण चुकतात ते मानेला, आयाळीखालून मणके काढतात, पण मानेचे सातही मणके खरं तर बरेच खाली असतात, मध्यापर्यंत आल्यावर तर गळ्याच्या बाजूलाच जास्त. बरगड्या 18 जोड्या, पण सगळ्या काढायची गरज नाही, 10-12 पुरतात. पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो तो म्हणजे आपलं मनगट, त्यामुळे तिथे एक मोठी वाटी न काढता छोट्या छोट्या हाडांचा पुंजका काढा. शेपटीत हाडं फक्त वरच्या भागात असतात, खाली नुसते केस. डोळ्यांजवळ, तोंडाजवळ रंग आणि चमकी अजिबात नको.

तबेला सजवताना मेणबत्त्या नकोच, गवताजवळ आग म्हणजे खेळ नाही, बॅटरीचे दिवे लावा आणि वायर त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. खोट्या कोळ्याच्या जाळ्या लांब ठेवा. सजावटीला मक्याची ताटं आणत असाल तर कणसं बुरशी लागलेली नाहीत ना बघा, बुरशीच्या मक्याने घोड्याच्या मेंदूला इजा होते आणि जीवही जातो. यू नावाच्या झाडाच्या हिरव्या फांद्याही नकोत, घोड्याला त्या थोड्याशाही घातक असतात.

खाण्यात लाल भोपळा चालतो, ताजा, रंग न लावलेला, छोटे तुकडे करून, थोडाच. कोरून चार दिवस बाहेर ठेवलेला नाही. इन्सुलिनचा त्रास असेल किंवा खुरांची सूज होऊन गेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चॉकलेट बिलकुल नाही, आणि लक्षात ठेवा की घोड्याला उलटी करता येत नाही, गेलं ते पोटात गेलं. पोरं येणार असतील तर उभे चिरलेले गाजराचे तुकडे तयार ठेवा, पोरांनी ते घोड्याच्या बादलीतच टाकायचे, हातातून भरवायचं नाही.

फटाके वाजणार असतील तर त्या रात्री त्याला सवयीच्या जागी, सवयीच्या सोबत्याजवळ, भरपूर गवत देऊन ठेवा आणि फोटोबिटो सगळं उजेड असतानाच उरकून घ्या. मग रंग धुवून पुसून त्याला पूर्ण कोरडा करा, थंडीत ओला बांधू नका, आणि झोपायच्या आधी टॉर्च घेऊन एक चक्कर मारा, चॉकलेटचे कागद गवतात पडलेले असतात ते सगळे उचला.