नागपूरहून क्रूझला जायचंय? मग बुकिंगच्या आधी हे वाचून घ्या

आपल्याकडे कुणी म्हटलं की आम्ही क्रूझ बुक करून राहिलो, की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठे कुठे नेते?" आणि गडबड इथूनच सुरू होते. तीन-चार रात्रींच्या ट्रिपमध्ये जहाज बंदराला लागतं एक किंवा दोन दिवस, तेही सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं, त्यात उतरायची लाइन, टॅक्सीवाल्याशी घासाघीस, जेवण, परत यायची घाई, हे सगळं वजा केलं तर हातात उरतात पाच-सहा तास. फुकेत बघायचं असेल तर सरळ विमानाने फुकेतला जा ना. क्रूझला जायचं ते जहाजासाठी, बंदरं म्हणजे वरचा फायदा. म्हणून एजंटने नकाशा पुढे सरकवला की तो बाजूला ठेवायचा आणि जहाजाचं नाव विचारायचं, मग ते कोणत्या साली बांधलं, केवढं आहे, लेकरांसाठी काय, म्हाताऱ्यांना बसायला सावलीची जागा किती, हे घरी येऊन नेटवर बघायचं.

मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस नावाचं जहाज निघतं, गोवा, कोची, लक्षद्वीप असे रूट असतात. हे जहाज १९९० चं, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, लांबी दोनशे मीटरच्या थोडी वर. सिंगापूरहून सुटणारं जेंटिंग ड्रीम २०१६ चं आणि ३३५ मीटर लांब, वर वॉटर स्लाइड, रोप कोर्स वगैरे. दोन्हीला आपण क्रूझच म्हणतो पण अनुभव फार वेगळा, एकाची अपेक्षा घेऊन दुसऱ्यावर चढलात तर चिडचिड होणारच. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मुंबईचीच दोन-तीन रात्रींची करा. व्हिसा नाही, डॉलर नाहीत, भारतातल्या भारतात असेल तर सरकारी फोटो आयडीवर काम होतं, आणि मुख्य म्हणजे घरातल्या कुणाला समुद्र सोसत नाही ते स्वस्तात कळतं. आपण पडलो देशाच्या मधोमध राहणारे, फुटाळा तलावातल्या बोटीवरून त्याचा अंदाज येत नाही. फक्त जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नका, तेव्हा तो खवळलेलाच असतो. ऑक्टोबर ते मार्च बेस्ट.

आता पैशाचं. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघं आहेत असं धरून असतो, एकटे गेलात तर बऱ्याच कंपन्या जवळजवळ दोघांचे पैसे लावतात. त्या आकड्यावर पोर्ट चार्जेस, टॅक्स आणि ग्रॅच्युइटी. ही ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, पण आपोआप बिलात लागणारी, मोठ्या अमेरिकन कंपन्यांमध्ये ती साधारण १६ ते २० डॉलर माणशी आणि तीही रोजची. चार जणांचं घर पाच दिवस धरून गुणाकार करून बघा. आमच्या ओळखीतल्या एका काकाजींना एजंटने "सगळं इन्क्लूडेड" म्हणून सांगितलं आणि शेवटच्या सकाळी दाराखालून बिल आलं तर ते तासभर रिसेप्शनवर भांडत बसले, पण काय उपयोग, बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. तेव्हा एजंटला तोंडी विचारू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा की फायनल आकड्यात काय काय धरलंय. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स पण कापतात, तो पॅन नंबरवर दिसतो आणि रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो, पावती सांभाळा आणि सीएला सांगा, नाहीतर लोक विसरून जातात.

जहाजावर रोख सहसा चालत नाही, एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली, तेच पाकीट, आणि पाकिटातून पैसे जाताना दिसत नसले की हात सैल सुटतो. बुफे, मेन डायनिंग रूम, शो, पूल हे बहुतेक भाड्यात असतं. स्पेशल रेस्टॉरंट, बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, दारू, स्पा, फोटो आणि वायफाय याचे पैसे वेगळे. पाण्याचं मशीन बुफेत असतं, बाटली घरूनच न्या आणि तिथे भरा. ड्रिंक्स पॅकेजची मेख ही की बऱ्याच कंपन्यांत एका खोलीतल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, मग नवरा पिणारा आणि बायको लिंबूपाण्यावाली असेल तर ते परवडत नाही.

खोली. चार प्रकार असतात, आतली बिनखिडकीची, खिडकीवाली, बाल्कनीवाली आणि स्वीट, म्हणजे सगळ्यात मोठी आणि महागडी. सगळे म्हणतात बाल्कनी घ्या, मी म्हणते सोबत कोण आहे ते बघून घ्या. तरुण मंडळी असतील तर आतली खोली घ्या आणि वाचलेले पैसे खाण्यापिण्यात घाला, खोलीत फक्त झोपायलाच येता. पण सासू-सासरे असतील आणि ते दिवसातून दोनदा पडणारे असतील तर बाल्कनी वसूल होते. आमचे बाबा म्हणजे सासरे, ते शो बघायला एकदाही आले नाहीत, लुंगी नेसून बाल्कनीत बसायचे, पेपर नाही म्हणून सेफ्टी कार्डच वाचायचे आणि दर तासाला आत येऊन सांगायचे की अजून पाणीच आहे. त्यांच्याइतकी क्रूझ कुणी एन्जॉय केली नसेल. आतल्या खोलीत लाइट बंद केला की काळोख म्हणजे काळोख, सकाळचे अकरा वाजले तरी कळत नाही, तेव्हा टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं ते आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवा.

खोली कुठे आहे हे मात्र प्रकारापेक्षा महत्त्वाचं. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, नेटवर मिळतो, तो उघडून आपल्या वरच्या मजल्यावर काय ते बघा. वर बुफे किंवा पूल असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढायचा आवाज, खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा चांगली. आणि ज्याला गाडीत उलटी होते त्याच्यासाठी खालचा मजला आणि जहाजाचा मधला भाग, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. कंपनी देईल ती खोली घ्यायची अशी एक स्वस्त स्कीम असते, ती म्हातारी माणसं सोबत असताना घेऊ नका.

खोलीच्या भिंती लोखंडाच्या असतात, त्यामुळे चुंबकवाले हुक न्या, ओले कपडे आणि टोप्या टांगायला इतकं कामात येतं की विचारू नका. इस्त्री, केटल आणि बऱ्याच जहाजांवर एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा काढून घेतात, आगीची भीती म्हणून. बाथरूम कपाटाएवढं आणि बऱ्याच परदेशी जहाजांत जेट स्प्रे नसतो, आपल्या लोकांनी एक प्लास्टिकचा मग किंवा ती पिळायची ट्रॅव्हल बाटली बॅगेत टाकावी, लाजायचं काही कारण नाही. फ्लश विमानातल्यासारखा ओढून घेणारा असतो, पहिल्यांदा दाबल्यावर आमच्या आई दार उघडून बाहेरच आल्या होत्या. त्यात टॉयलेट पेपर सोडून दुसरं काही टाकू नका, एकाचं तुंबलं की आजूबाजूच्या खोल्यांचंही तुंबतं.

खाण्याची काळजी आपल्याला सगळ्यात जास्त. भारतीय आणि सिंगापूरच्या बऱ्याच जहाजांवर व्हेज मिळतं, जैनही मिळतं, पण ते बुकिंग करतानाच नोंदवायचं, चढल्यावर नाही. परदेशी जहाजावर व्हेज म्हटलं तरी अंडं चालतं असं ते धरून चालतात, तेव्हा अंडं नको हे वेगळं सांगा. आणि एक ट्रिक, पहिल्या रात्री मेन डायनिंगमध्ये हेड वेटरशी ओळख करून घ्या आणि उद्या आम्हाला डाळ, भात, एखादी भाजी पाहिजे हे आदल्या रात्रीच सांगून ठेवा, बऱ्याचदा करून देतात. किचनमध्ये आणि सर्व्हिसमध्ये गोव्याची, केरळची मुलं भरपूर भेटतात. बुफेत प्लेट घेण्याआधी पूर्ण एक चक्कर मारा, लोक पहिल्या काउंटरवरच प्लेट भरतात आणि कोपऱ्यात डोसा होता हे नंतर कळतं.

घरून काय न्यायचं? सीलबंद पाकीट, चिवडा, खाकरा, सोनपापडी शक्यतो चालतं, घरी केलेलं डब्यातलं जेवण चढताना काढून ठेवायला लावतात. जहाजावरची फळं बंदरावर घेऊन उतरू नका, बऱ्याच देशांत त्यावर दंड आहे. आणि सिंगापूरला जाणाऱ्यांनो, खर्रा घरी ठेवा. बॅगेत नाही, खिशात नाही, एक पुडीसुद्धा नाही. तिथे चघळायचा तंबाखू आणायलाच बंदी आहे, व्हेपलाही बंदी आहे, च्युइंगमसुद्धा चालत नाही. खसखसही बंदीच्या यादीत आहे, म्हणजे सावजीचा मसाला कुणा भाच्याला द्यायला नेत असाल तर त्यात खसखस घातली आहे का ते आधी विचारा, दुबईवरून क्रूझ असेल तरी हेच. गंमत वाटते पण एअरपोर्टवर गंमत वाटणार नाही.

कागदपत्रं थोडक्यात. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा पाहिजे. सिंगापूरहून निघालेलं जहाज परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे एन्ट्री दोनदा, तेव्हा व्हिसा मल्टिपल आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि त्यांचं अरायव्हल कार्ड जहाजावरून परत येतानाही भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. चोवीस आठवड्यांच्या पुढच्या गरोदर बाईला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बहुतेक कंपन्या घेत नाहीत. परदेशी क्रूझला ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं आणि आपली इथली मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही.

नागपूरहून पोचायचं कसं तर नियम एकच, ज्या दिवशी जहाज त्या दिवशी पोचायचा प्लॅन करू नका, जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडचं धुकं आलं की आपली विमानं आणि गाड्या दोन्ही लटकतात. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, म्हणजे दुरांतो किंवा विदर्भने सीएसएमटीला उतरलात की टॅक्सीने अगदी जवळ. मी तरी एक रात्र आधी फोर्टमध्ये साधं हॉटेल घेऊन राहायच्या मताची आहे, म्हातारी माणसं रात्रभर गाडीत आणि मग तीन तास टर्मिनलच्या लाइनमध्ये हे बरं नाही.

चढताना मोठ्या बॅगा टॅग लावून देऊन टाकायच्या, त्या खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, पासपोर्ट, चार्जर, लेकरांचे पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत. ज्या लेकराचा स्विमसूट पिशवीत आहे त्याला दुपारी पूल रिकामा मिळतो, बाकीची रडतात.

सेफ्टी ड्रिल टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा, आणि तो झाला की कुठे जमायचं ते कार्डवर लिहिलेलं असतं. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागलं आणि ३२ लोक गेले, त्यात नवीन चढलेल्या काही प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती, तेव्हापासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यायचा नियम झाला. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, खोलीपासून त्या जागेपर्यंत आई-बाबांना एकदा पायऱ्यांनी चालवून आणा, लिफ्टने नाही.

बोट लागतेय, मळमळतंय असं वाटायची वाट बघू नका, गोळी आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. एव्होमिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, आणि प्रोस्टेट, काचबिंदू किंवा इतर औषधं सुरू असतील तर आपल्या डॉक्टरला विचारूनच. बाकी उपाशी राहू नका, आलं चघळा, खोलीत लोळत पडण्यापेक्षा डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघा. आणि हात साबणानेच धुवा. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस असतो, सॅनिटायझर त्याला फारसा जुमानत नाही.

फोन जहाजात शिरताच एअरप्लेन मोडवर. समुद्रात जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडतं, ते आपल्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही आणि बिल हजारोंनी येतं. घड्याळाचंही तसंच, फुकेतला फोन आपोआप एक तास मागे जातो आणि जहाज सिंगापूरच्या वेळेवरच असू शकतं, मग तुम्ही बीचवर निवांत आणि जहाज सुटायला अर्धा तास. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि उतरताना परत यायची वेळ लिहिलेल्या बोर्डाचा फोटो काढा.

बंदरावरच्या सहली सगळ्याच जहाजाकडून घेऊ नका. पेनांगला धक्का जॉर्ज टाउनलाच लागून आहे, पायी फिरा, पैसे कशाला द्यायचे. पोर्ट क्लांगहून मात्र क्वालालंपूर तासाभराच्या वर, ट्रॅफिक लागला तर आणखी, तिथे जहाजाचीच बस घ्या कारण ती लेट झाली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागतच नाही, छोट्या बोटीत उतरावं लागतं, लाटा जास्त असल्या तर उतरणं रद्दही होतं, गुडघे दुखणाऱ्यांनी हे धरूनच जावं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या सकाळी थेट खालीच मिळतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला आणि दातांचा ब्रश आत राहू द्या. बिल त्याच रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर बघा, सकाळी रिसेप्शनला लाइन असते. मुंबईला उतरलात तर दुपारच्या आतली फ्लाइट घेऊ नका, रात्रीची दुरांतो बरी, सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाका, कुलूप लावलेल्या बॅगाच घेतात, म्हणून छोटी कुलपं नागपूरहूनच आणा.